आधी का, मग किक

आम्ही बबनतात्यांच्या घरात राहायला आलो, त्याच दिवशी त्यांनी आमचा फ्रीज रिजेक्ट केला.

टेम्पोतून सामान उतरत होतं. तात्या जिन्यापाशी स्टूल टाकून बसले होते. मला वाटलं, घरमालक आहेत, भिंतीला ओरखडे पडतील म्हणून लक्ष ठेवून असतील. फ्रीज खाली टेकला तसे ते उठले. सदऱ्याच्या खिशातून एक लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर काढला, पार्किंगमधल्या प्लगला फ्रीज जोडायला लावला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या पाठीला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले. टेम्पोवाला, हमाल, मी, माझा नवरा संतोष, सगळे दोन मिनिटं गप्प उभे. मग तात्या म्हणाले, “कॉम्प्रेसर दमलाय. तीन म्हयनं.” फ्रीज साडेतीन महिन्यांनी गेला. पंधरा दिवस जास्त चालला म्हणून तात्या हळहळले. आपलं माप चुकलं असं त्यांचं म्हणणं.

तात्या चिखलीचे जुने. त्यांच्या घराण्याची शेती जिथे होती तिथे आता गोदामं आहेत आणि कंटेनर वळवायला जागा आहे. तरुणपणी ते भोसरीच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात लागले आणि बत्तीस वर्षं तिथे ‘क्वालिटीत’ होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासायचा, बरोबर असेल तर पिवळ्या मार्करने टिक करायची, नसेल तर लाल डब्यात टाकायचा. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मार्कर त्यांनी आपणहून आणला.

तो मार्कर आजही खिशात असतो. या घरात तपासल्याशिवाय काही येत नाही. नारळ येतो, त्याला ठोकून बघतात. सिलिंडर येतो, त्याच्या तोंडाला साबणाचं पाणी लावतात. माझी आई परभणीहून आली तेव्हा तात्यांनी जिन्यातच तिच्या काठीचा रबर काढून बघितला, झिजला होता, स्वतः जाऊन दुसरा आणला, बसवला, आणि काठीवर पिवळी टिक केली. आईला हा मान वाटला. गावी गेल्यावर ती टिक तिने सगळ्या आळीला दाखवली म्हणे.

मी स्वतः चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. रोज शेकडो वायरी हाताखालून जातात आणि एक जरी चुकली तर अख्खा माल परत येतो. त्यामुळे स्वभाव आधीच काळजीचा, तो नोकरीने पक्का झाला. कुलूप लावून खाली उतरले तरी मी दोनदा वर जाऊन ओढून बघते. संतोष याला हसतो. तात्या हसले नाहीत. एकदा मला तिसऱ्यांदा वर जाताना बघून ते एवढंच म्हणाले की ह्या बाईला क्वालिटीची जाण आहे. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तात्यांचं ब्रीद एकच, “आदी का, मंग किक.” आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात गेलात तर याचा अर्थ कळेल. माल बिघडला की लगेच दुरुस्त करायचा नसतो. आधी बसून ‘का’ विचारायचं. जे उत्तर येईल त्यालाही ‘का’ विचारायचं. असं पाच वेळा. पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं, असं साहेब लोक सांगतात आणि आमच्या कंपनीत भिंतीवर तसा तक्ताच लावलाय. तात्यांनी तो तक्ता संसारात आणला. माझं दूध उतू गेलं. का? लक्ष नव्हतं. का? फोन आला. का? बहिणीचा होता. का? तिचं सासरी बिनसलंय. पाचव्या ‘का’ला मी आमच्या घरातली अशी एक गोष्ट सांगून बसले जी संतोषलाही धड माहीत नव्हती. गॅस पुसायचा तसाच राहिला.

दुसरा नियम होता, करणाऱ्याने तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्याच्याच डोळ्याला दिसते. तात्यांनी भिंतीला फळी ठोकली की मला हाक यायची. मी फळी हलवून बघायची, मान डोलवायची, मगच तिच्यावर डबा चढायचा. तात्यांच्या पत्नी, काकू, होत्या तोवर हे काम त्यांच्याकडे असायचं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

आता गाडीकडे येते.

जिन्याखाली ताडपत्री घालून तात्यांची मोटारसायकल उभी असे. काळी टाकी, टू-स्ट्रोक, तीस वर्षांच्या पुढची. तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं आणि चालू झाली की निळा धूर सोडते. तिचा आवाज जुन्या चिखलीत सगळ्यांना माहीत होता. दोन वर्षांपूर्वी तळवड्याच्या वळणावर तात्या तिच्यावरून घसरले, मनगट मोडलं, आणि मुलाने त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. मुलगा महेश, जमिनीचे व्यवहार करतो, मोशीला फ्लॅटमध्ये राहतो. चांगला आहे. दर रविवारी येतो, फळं आणतो, त्यांतली दोन तात्या रिजेक्ट करतात.

एका रविवारी बाप-लेकांचा आवाज वर ऐकू आला. गाडीच्या कागदांची मुदत संपत होती. गुरुवारी सकाळी ती आरटीओत नेऊन दाखवायची होती आणि ती बंद होती. महेशचं म्हणणं, भंगारात देऊ. तात्यांचं म्हणणं, मी चालू करतो. शेवटी असं ठरलं की बुधवारी संध्याकाळी सातपर्यंत तात्यांनी स्वतः फॉल्ट शोधून गाडी चालू केली तर महेश पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली तर शुक्रवारी भंगारवाला येईल. दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही, ही अट मात्र तात्यांनी स्वतःच घालून घेतली. तेव्हा मला ती अट नुसती हेकेखोर वाटली.

जाता जाता महेश वर आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

“वहिनी, एक विचारू का? तात्या हल्ली विसरतात का हो?”

मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं, विचार न करता. आणि तो जिना उतरून जाईपर्यंत मला कळलं होतं की मी खोटं बोलले. कारण त्या महिन्यात तात्यांनी मला संतोषची शिफ्ट एका सकाळी चार वेळा विचारली होती. एकदा देहूला जातो म्हणून निघाले आणि तासाभरात परतले, बस चुकीची होती म्हणाले. मी मनाला समजावलं होतं की ही त्यांची पद्धतच आहे. पाच वेळा ‘का’ विचारणारा माणूस सहाव्यांदा विचारायला लागला तर कळणार कसं? पण खोटं बोलले ते बोलले. ते चार दिवस मला खात राहिलं.

त्याच संध्याकाळी तात्यांनी यादी केली. बावीस मुद्दे, छापल्यासारखं अक्षर, प्रत्येकापुढे दोन चौकोन, एक करणाऱ्याचा आणि एक तपासणाऱ्याचा. तपासणारी मी. पहिला मुद्दा पेट्रोल. टाकी उघडली तर रंगाच्या दुकानात शिरल्यासारखा वास आला, दोन वर्षांचं पेट्रोल पार नासलं होतं. ते काढून टाकलं, टाकी धुतली, नवं आणलं. ऑइल मापायला तात्यांनी खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं आणि मला डोळ्यासमोर धरून रेघ बघायला लावली. मी म्हटलं, एक किक मारून तर बघू. तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते.

सोमवारी मी चाकणहून आले तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. तळहातावर स्पार्क प्लग. चहासुद्धा घेऊ दिला नाही. प्लग म्हणजे गाडीची जीभ, डॉक्टर आधी जीभ बघतो की नाही, असं म्हणून त्यांनी त्याचा वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. प्लग काळाकुट्ट होता. घासून साफ केला, इंजिनला टेकवून धरला, तात्यांनी किक मारली, मी वाकून बघितलं. ठिणगी नाही.

इथे माझी विद्या कामाला आली. तात्यांच्याच मीटरने मी एकेक वायर तपासली. हँडल वळतं त्या जागी एक वायर घासून उघडी पडली होती आणि गाडीच्या अंगाला टेकत होती, सगळी वीज तिथेच जिरत होती. मी ती सोलली, जोडली, टेप गुंडाळली. पुन्हा प्लग टेकवला आणि किक मारली तर निळी टपोरी ठिणगी पडली. तात्यांनी मार्कर काढला आणि माझ्या हाताच्या पंजावर मागच्या बाजूला टिक केली. मंगळवारी कंपनीत सुपरवायझरने विचारलं, हे काय, तर मी हात टेबलाखाली घेतला. पण पुसली नाही.

मंगळवारी कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होतात तो भाग. त्यात सुईच्या टोकाएवढं भोक असलेला जेट असतो. तात्यांनी तो फुंकला, आभाळाकडे धरला, मग मला दिला, आणि मला पलीकडचा उजेड दिसल्यावरच बसवला. मग प्लगच्या भोकावर माझा अंगठा ठेवून किक मारली, तो आतल्या दाबाने उडाला. म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी आहे, दाब आहे. यादीतले बावीसच्या बावीस मुद्दे झाले. तात्यांनी हात धुतले, कपाळाला लावले आणि पहिली खरी किक मारली.

फुस्स.

एकदा खोकल्यासारखं केलं आणि गप्प. दुसऱ्या किकलाही तेच. तीस किक झाल्या. तात्या थांबले आणि मला विचारलं की पेट्रोल कधी भरलं. रविवारी, मी म्हटलं. त्यांनी मान डोलवली, यादी वरपासून वाचली, आणि पुन्हा विचारलं, पेट्रोल कधी भरलं. मी सांगितलं. मग जिना चढताना तिसऱ्यांदा. या वेळी मी उत्तर द्यायच्या आधी त्यांचा चेहरा बघितला. त्यांना ते आधी विचारल्याचं माहीतच नव्हतं. मला रात्रभर नीट झोप लागली नाही आणि संतोषला काही सांगवलंही नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत महेशचा फोन आला, झाली का चालू. मी म्हटलं, होईल. तो म्हणाला, वहिनी, मला काय त्यांची गाडी विकून मोठं व्हायचंय का? पुन्हा पडले तर काय करू, ते सांगा. त्याचंही खोटं नव्हतं. मला दुपारभर हातातल्या वायरींचे रंग ओळखायला त्रास झाला. सुटल्यावर बस तळवड्याच्या चौकात अडकली ती हलेना. पुढे दोन ट्रेलर वळत होते आणि माझं लक्ष घड्याळात. पाच, सव्वापाच, साडेपाच.

घरी आले तर तात्या एकटेच किक मारत होते. गंजी घामाने अंगाला चिकटलेली, ओठ पांढरे. यादी जमिनीवर पडली होती. ‘का’ न विचारता किक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं आणि घाबरले. गाडी गेली खड्ड्यात, यांना काही झालं तर? मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, पायरीवर बसवलं आणि स्वतः गाडीच्या मागे स्टूलवर बसले, कारण बसायला दुसरी जागा नव्हती.

पाणी पिऊन ते पुन्हा उठले. किक मारली. फुस्स. पुन्हा मारली. मी बरोबर सायलेन्सरच्या मागे बसले होते. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या ओढणीचं टोक अगदी त्याच्या तोंडापाशी लोंबतंय आणि जरासुद्धा हलत नाहीये.

आमच्या लाइनवर पहिल्या दिवशी हेच शिकवतात. एका टोकाने सोडलं की दुसऱ्या टोकाला यायला पाहिजे. येत नसेल तर मधे काहीतरी आहे. हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. मी सायलेन्सरमध्ये बोट घातलं. कापड लागलं.

तात्या गाडीच्या पलीकडे, सीटवर डोकं टेकवून धापा टाकत होते. मी लांब टोकाची पक्कड घेतली आणि हळूच ओढलं. ऑइलमध्ये भिजवलेला, घट्ट वळलेला बोळा बाहेर आला. करड्या रंगाची बाही. तात्यांच्या कंपनीतल्या जुन्या शर्टाची. तिला तांब्याच्या तारेचे तीन वेढे घातलेले, आणि तारेची टोकं आत वळवलेली, काढणाऱ्याच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. असं काम त्या घरात एकच माणूस करतो. गाडी उभी करून ठेवताना पावसाचं पाणी, उंदीर आत जाऊ नयेत म्हणून बोळा घालतात, हे मलाही माहीत होतं. बावीस मुद्द्यांत तो नव्हता.

मी बोळा स्टूलाखाली सरकवला. ते काही शहाणपणाने केलं नाही, हात आपसूक गेला. मग म्हटलं, तात्या, आता एकदा मारा.

एका किकमध्ये गाडी चालू झाली. दोन वर्षांचं मौन सोडल्यासारखी ती जिन्याखाली गरजली, पार्किंग निळ्या धुराने भरलं, समोरच्या घरातल्या आजी ओट्यावर आल्या आणि आवाज ओळखून हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुराने म्हणा किंवा कशानेही. सात वाजायला पंचवीस मिनिटं होती.

तात्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

“काय बदललं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जेटमध्ये कचरा असेल, किक मारता मारता निघाला असेल.

“असंल न्हाई. कारन घावल्याबिगर चालू झालेली गाडी ही बंदच असती. आपोआप कायबी व्हत न्हाई, ताई. तुमी मागं बसला व्हता. सांगा.”

मी अजून एकदा खोटं बोलले असते. तोंडात आलंही होतं. पण रविवारपासून एक खोटं घेऊन फिरत होते, दुसऱ्याला जागा नव्हती. मी बोळा काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडाकडे धरला. तार सोडवली, बाही उलगडली, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पायरीवर बसले आणि स्वतःच स्वतःला विचारू लागले. गाडी का चालू होत नव्हती? धूर बाहेर जात नव्हता. का? बोळा होता. का? पाणी आत जाऊ नये म्हणून. मग आधीच काढला का नाही? यादीत नव्हता. मी बोटांवर मोजत होते आणि देवाकडे मागत होते की त्यांनी इथेच थांबावं.

“यादीत का न्हवता?”

धूर अजून जिन्याखाली रेंगाळत होता. वर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

“ताई, ह्यो मीच घातलाय. काम माजंच हाय, ते वळखतंय मला. पर घातल्याचं आठवत न्हाई. आता हातात घिऊनबी आठवत न्हाई.”

मी म्हटलं, होतं असं, दोन वर्षं झाली, मी तर कालचं विसरते. त्यांनी हात वर केला. मग त्यांनी जे सांगितलं ते एका दमात नाही सांगितलं, मधे मधे थांबले. देहूला निघाले त्या दिवशी बस चुकीची नव्हतीच. ते बरोबर बसमध्ये बसले, देहूला उतरले, आणि आपण कशाला आलो ते त्यांना सांगता येईना. परत आले तर आपलीच आळी अनोळखी वाटली. मारुतीच्या देवळापाशी उभे राहिले. कुणीतरी ‘तात्या’ म्हणून हाक मारली, तेव्हा कुठे सगळं जागेवर आलं. किती वेळ उभे होते, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“गाडीचं काय न्हाई हो,” ते म्हणाले. “म्या मनात ठरीवलं व्हतं, फॉल्ट म्या सवता काढला तर डोकं शाबूत हाय. म्हनून मेकॅनिक नगं म्हनलो.”

आकुर्डीच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी दोनदा नंबर लावला होता. दोन्ही वेळा बाकावर बसून परत आले होते. मी विचारलं, का? तो माझा एकच ‘का’, आणि तो विचारताना मला माझीच लाज वाटली.

“आत डॉक्टर काय बोलला ते भाईर येईस्तवर ध्यानात ऱ्हायलं न्हाई तर? तुमची काकू असती तर तिनं ऐकून ठिवलं असतं.” मग बाहीची घडी घालत, माझ्याकडे न बघता, “उद्या येता का संगं? तुमी निस्तं ऐकायचं.”

महेश सातला आला. धुराचा वास त्याला फाटकातच आला असणार, कारण तो धावत आत शिरला. तात्यांनी त्याला गाडी चालू करून दाखवली. तो हसला, लहानपणी तिच्या टाकीवर बसायचा ते सांगायला लागला, हरल्याचं त्याला काहीच वाटलं नाही. तात्यांनी त्याला बोलू दिलं. मग चावी त्याच्या हातात ठेवली. सकाळी गाडी तूच आरटीओत ने, मी ताईसंगं डॉक्टरकडे जाणार आहे, मी विसरतोय, असं तीन वाक्यांत सांगून टाकलं. महेशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, रविवारी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. तो त्या गाडीचं हँडल धरून उभा राहिला.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत होत्या. मी खुर्चीच्या काठावर बसले होते, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, आणि प्रत्येक उत्तरानंतर तात्यांनी त्यांना विचारलं, हे का विचारताय. त्यांनी प्रत्येक वेळी न वैतागता सांगितलं. घड्याळाचं चित्र काढायला दिलं तर तात्यांनी नुसत्या हाताने वर्तुळ काढायला नकार दिला, टेबलावरच्या शिक्क्याच्या गोल डबीचं झाकण मागून घेतलं आणि त्याच्याभोवती पेन फिरवलं. आकडे एकसारख्या अंतरावर. काटे मात्र त्यांनी बराच वेळ काढलेच नाहीत. मग काढले ते चुकीच्या जागी. मला दिसलं. त्यांना दिसलं नाही.

घड्याळाच्या आधी डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले होते. लिंबू, चावी, पतंग. थोड्या वेळाने विचारेन, लक्षात ठेवा, असं म्हणाल्या होत्या. मी त्या क्षणापासून मनात घोकत होते, जणू परीक्षा माझीच आहे. आता त्यांनी विचारलं, मघाचे ते तीन शब्द कोणते?

तात्या म्हणाले, लिंबू. थांबले. छताच्या पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, चावी.

तिसरा येईना. भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. शब्द माझ्या जिभेवर होता, मी ओठ दातांत धरून ठेवले. डॉक्टर वाट बघत होत्या, त्यांना घाई नव्हती. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते सावकाश माझ्याकडे वळले आणि मला भीती वाटली की आता हे मला तो शब्द विचारणार आणि मला नाही म्हणावं लागणार.

“ताई, तुमच्या ध्यानात हाय न्हवं?”

मी मान डोलवली.

“मंग झालं,” तात्या म्हणाले, आणि डॉक्टरांना म्हणाले, पुढचं विचारा.